सोल्यूशनची ट्यूब कुठल्या कलमात बसते?

गेल्या महिन्यात फोंडा भागातल्या एका हायस्कूलच्या पालक-शिक्षक सभेत मी अर्धा तास बोलले, विषय 'मुलं आणि कायदा' असा चांगला ऐसपैस होता, पण प्रश्न सगळे आले ते पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर, खोकल्याचं औषध ह्यांच्या नशेवरच. घरी पोचेपर्यंत फोनवर आणखी सात-आठ मेसेज. संपादकांना सांगितलं तर ते म्हणाले मग ह्या अंकातलं वाचकांच्या प्रश्नांचं सदर ह्याच्यावरच करूया. नावं सगळी गाळलीत, गावंही मुद्दाम मोघम ठेवलीत, कारण गोव्यात गावाचं नाव सांगितलं की संध्याकाळपर्यंत घर सापडतं. आणि मी वकील आहे, डॉक्टर नाही, तेव्हा औषधपाण्याचं जे थोडंफार लिहिलंय ते डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे एवढं धरून चाला.

प्रश्न : नमस्कार ताई, मुलगा नववीत आहे. परवा कपडे धुवायला काढले तर युनिफॉर्मच्या बाहीवर पिवळट चिकट डाग, आणि वास असा की बाथरूममध्ये उभं राहवेना. मग दप्तर बघितलं. कंपासपेटीच्या खाली सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनच्या तीन ट्यूब, टूथपेस्ट संपवताना आपण करतो तशा मागून गुंडाळत गुंडाळत संपवलेल्या. आमच्याकडे सायकलच नाही हो! विचारलं तर म्हणतो, 'म्हाका कांयच जावंक ना' (मला काहीच झालेलं नाही). मिस्टर म्हणतात पोलीस स्टेशनवर नेऊया, एकदा दम भरला की सरळ होईल. सासूबाई म्हणतात बाहेर शब्द काढू नका. हा गुन्हा आहे का? त्याला पकडतील का? (एक आई, फोंडा तालुका)

उत्तर : बाय, गुन्ह्याचं आधी सांगते म्हणजे जरा झोप लागेल. सोल्यूशन हुंगणं हा आपल्याकडे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली, गुन्हा नाही. 1985 चा तो कायदा सगळा याद्यांवर चालतो. गांजा, चरस, अफू, कोकेन, हेरॉइन, आणि 'मनःप्रभावी पदार्थ' म्हणून एक लांबलचक यादी. यादीत नाव आहे तर कायदा लागू, नाव नाही तर नशा कितीही चढो, त्या कायद्याला पत्ताच नाही. डिंक, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर ह्यांच्यात जी तोल्युइनसारखी सॉल्व्हंटं असतात ती नशेचे पदार्थ म्हणून त्यात नाहीत. त्यामुळे होतं काय, की पोराच्या खिशात चिमूटभर चरस मिळाला तर केस, आणि दप्तरात तीन ट्यूब मिळाल्या तर फक्त वास.

अगदीच काही नाही असंही नाही म्हणा. नशेत रस्त्यावर किंवा बसस्टँडवर जाऊन कुणाला त्रास दिला तर भारतीय न्याय संहितेचं 355 कलम आहे, 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा. (जुन्या आयपीसीत हाच दंड 10 रुपये होता, 1860 पासून कुणी वाढवलाच नाही, 1 जुलै 2024 ला नवा कायदा लागू झाला तेव्हा कुठे वाढला.) नशा कशाची ते हे कलम विचारत नाही, दारू असो की डिंक. पण तुमचा मुलगा घरात, खोलीत बसून करत असेल तर तेही लागू होत नाही.

आता मिस्टरांचा दम भरायचा बेत. तो सोडून द्या असं मी स्पष्टच सांगते. 18 च्या आतल्या मुलाला पोलीस लॉकअपमध्ये ठेवूच शकत नाहीत, बाल न्याय कायदा 2015 चा आहे, त्यात मुलाला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं असं आहे. किरकोळ गोष्टीत एफआयआरसुद्धा होत नाही, नियमच तसा आहे, गुन्हा अति गंभीर असेल किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केला असेल तरच, नाहीतर डायरीत नोंद आणि घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट, बस्स. म्हणजे कायदाच म्हणतो की पोराला पोलीस स्टेशनचा धाक दाखवू नका, आणि आपण स्वतःहून घेऊन जाणार! उलट जो मुलगा नशेकडे ओढला जायची शक्यता आहे तो ह्या कायद्यात 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' ह्या सदरात येतो. त्याचा विषय बाल कल्याण समितीकडे जातो, आणि तिकडे आरोपी वगैरे कुणी नसतं.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बाहेर बोंब नको. कुणाही मुलाची अशी चौकशी सुरू असताना त्याचं नाव, शाळा, फोटो छापणं किंवा फिरवणं ह्याला कलम 74 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड आहे, हे शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या उत्साही मंडळींना जरूर वाचून दाखवा. पण डॉक्टरपासून लपवू नका. 2019 मध्ये केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेली देशभराची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात बाकी सगळ्या नशा मोठ्यांमध्ये जास्त आणि ही हुंगायची एकच अशी की मुलांमध्ये जास्त, 10 ते 17 वयात 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58. तेव्हा तुमचंच घर वाईट असं काही नाही.

आणि एक, हे मला एका डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. पोरगं हुंगताना सापडलं तर ओरडू नका, मागे धावू नका. ह्या वाफांनी हृदय इतकं हळवं होतं की एकदम दचकलं किंवा पळालं तर ठोके बिघडून जागच्या जागी जाऊ शकतं, पहिल्याच वेळेलासुद्धा. खिडक्या उघडायच्या, शांतपणे बसवायचं, गुंगी उतरत नसेल तर 108 ला फोन. मिस्टरांना हे आज रात्रीच सांगा, ते जरा तापट दिसतात.

प्रश्न : माझं हार्डवेअरचं दुकान आहे, रंग, थिनर, फेविकॉल सगळं असतं. दुपारची दोन-तीन पोरं येतात, युनिफॉर्मवर, 'अंकल थिनर द्या थोडंसं' म्हणून. मला कळतं हो कशाला ते. पण मी नाही दिलं तर शेजारचा देणार. दिलं तर मला शिक्षा होऊ शकते का? (दुकानदार, डिचोली)

उत्तर : खरं सांगू? इथे कायद्याला भोक आहे. बाल न्याय कायद्याच्या 77 कलमात मुलाला दारू, तंबाखू, अंमली किंवा मनःप्रभावी पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, पण त्या वाक्यात थिनर नाही, डिंक नाही. म्हणजे पोराला विडी दिली तर 7 वर्षं आणि थिनर दिलं तर हे कलम गप्प. मला विचाराल तर ज्याने कुणी ते वाक्य लिहिलं त्याने कधी दुपारी दोन वाजता हार्डवेअरच्या दुकानात उभं राहून बघितलं नाही.

पण म्हणून सुटलात असं समजू नका काका. 2012 मध्ये केंद्राने बाटलीतल्या व्हाइटनर आणि थिनरच्या किरकोळ विक्रीवर बंदी आणली, ती ह्याच कारणाने, म्हणून तर व्हाइटनर आता पेनसारखं येतं. रंगाचं थिनर ही वेगळी गोष्ट, ते रंगारी नेणारच. मात्र विषारी वस्तू हाताळताना दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा केला तर न्याय संहितेचं 286 कलम आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 पर्यंत दंड. आणि त्याच्याही वर 123 : इजा होईल हे माहीत असताना कुणाला विष किंवा गुंगीचा पदार्थ दिला, घ्यायला लावला, तर 10 वर्षांपर्यंत. तुमच्यासारख्या दुकानदाराला 123 लावणं सरकारी वकिलाला कठीण जाईल, ते खरं लागतं त्या दहावी-अकरावीच्या दादा लोकांना जे लहान पोरांना रुमालावर ओतून 'घे रे, काय होत नाही' म्हणतात. पण तुम्ही मला लिहून दिलंय की 'मला कळतं कशाला ते'. हे वाक्य कोर्टात किंवा दुसऱ्या कुणासमोर बोलू नका.

शेजारचा देतो म्हणून आपण देणं, हे गणित उद्या पोराला काही झालं की पहिलं तुमच्यावर उलटतं. सुटं ओतून द्यायचं बंद करा, सीलबंद डबाच विका. युनिफॉर्मवरचं पोरगं आख्खा डबा विकत घेत नाही.

प्रश्न : आमची फार्मासी आहे, 30 वर्षं, वडिलांपासून. हल्ली मोटरसायकलवरून मुलं येतात आणि मोबाइलवर प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवून कोडिनवाल्या सिरपच्या दहा-दहा बाटल्या मागतात. डॉक्टरचं नाव वाचता येत नाही. खोकल्याचंच तर औषध, ओव्हर द काउंटर जातं असं लोकांना वाटतं. नेमकी रेघ कुठे आहे? (म्हापसा)

उत्तर : पहिलं म्हणजे 'ओव्हर द काउंटर' हा शब्द आपण अमेरिकन सिरियलींतून उचललाय, आपल्या औषध कायद्यात तशी वेगळी व्याख्याच नाही. शेड्यूल एच, एच वन, एक्स ह्या औषधांच्या याद्यांत जे आहे ते चिठ्ठीशिवाय नाही, बाकीचं मोकळं, एवढंच. कोडिन (अफूच्या जातीचं, खोकला दाबणारं द्रव्य) एच वनमध्ये आहे, तो लाल चौकटीतला इशारा तुमच्या बाटलीवर असतोच. मार्च 2014 पासून एच वनचं वेगळं रजिस्टर : डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपून ठेवायचं. हे तुम्हाला पाठ असणार, मी वाचकांसाठी लिहितेय. चिठ्ठीशिवाय विकलंत तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या 27(डी) खाली 1 ते 2 वर्षं आणि किमान 20 हजार दंड, आणि लायसन्स जातं ते वेगळंच. तीस वर्षांचं लायसन्स.

आता दहा बाटल्यांचं गणित नीट बघा, कारण भल्याभल्या वकिलांनाही ते पहिल्या झटक्यात पटत नाही. 5 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम कोडिन असलेली 100 मिलिलिटरची बाटली घेतली तर तिच्यात निव्वळ कोडिन 200 मिलिग्रॅम. दहा बाटल्यांत 2 ग्रॅम. एनडीपीएसमध्ये कोडिनची 'अल्प मात्रा' 10 ग्रॅमपर्यंत आणि 'व्यापारी मात्रा' 1 किलोच्या वर, म्हणजे 2 ग्रॅम म्हणजे किरकोळच, असं वाटतं ना? पण 2020 मध्ये हिरा सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मिश्रण असेल तर निव्वळ अंमली पदार्थ नाही मोजायचा, आख्खं मिश्रण मोजायचं. साखरेचा पाक, रंग, वास, सगळं. सिरप पाण्याहून जड. दहा बाटल्या म्हणजे सरळ 1 किलोच्या वर. म्हणजे व्यापारी मात्रा, किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त 20, दंड 1 ते 2 लाख, आणि जामीन मिळणं महाकठीण.

'पण सिरपला सूट आहे ना?' आहे. 1985 च्या अधिसूचनेत कोडिनच्या ज्या औषधांत दुसरे घटक मिसळलेले आहेत, एका डोसात 100 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोडिन नाही, प्रमाण अडीच टक्क्यांच्या आत आहे आणि जे वैद्यकीय वापरात रुळलेलं आहे, ते ह्या कायद्याच्या बाहेर ठेवलंय. तुमचं कपाट, तुमचं बिल, तुमचं रजिस्टर ह्या सुटीच्या सावलीत बसतं. पण 2012 मध्ये आसामच्या प्रकरणात, सिरपच्या बाटल्या कागदपत्रांशिवाय गाडीतून चालल्या होत्या, तिथे सुप्रीम कोर्टाने ही सूट मानली नाही आणि जामीनही दिला नाही. तेव्हा ती सूट आहे ती कागदाला आहे, बाटलीला नाही. मोटरसायकलवरच्या पोरांकडे कागद नाही, आणि त्यांना दहा बाटल्या कुणी दिल्या हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगणार.

फोनमधल्या फोटोवर देऊ नका. मूळ चिठ्ठी मागा, डॉक्टरांना फोन लावा. फोन लावतो म्हटल्यावर निम्मी पोरं 'गाडी लावून येतो' म्हणून जातात ती परत येत नाहीत, असं तुमच्याच धंद्यातल्या एकाने मला सांगितलंय.

प्रश्न : जायफळाने नशा होते असं मुलीने रीलवर बघितलं. जायफळावर बंदी येणार का? आमच्या बागेत चार झाडं आहेत! (सत्तरी)

उत्तर : नाही हो, काढा खुशाल, पुरणात घाला. जायफळ कुठल्याच यादीत नाही. चिमटीभर घातलं तर वास, आणि रील बघून चमचे चमचे खाल्लं तर उलट्या, छातीत धडधड, भलतंच काहीतरी दिसणं आणि दोन दिवस अंथरुणात. गुन्हा नाही, पण मुलीला कॅज्युअल्टीत न्यावं लागेल.

प्रश्न : भाचा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला आहे. नाताळात आला तेव्हा बॅगेत छोट्या स्टीलच्या गोळ्यांसारख्या नळकांड्या होत्या, म्हणतो केकवरच्या क्रीमसाठी. मग कळलं फुग्यात भरून हुंगतात. तिकडे म्हणे आता जेल होते? आणि इथे? (मडगाव)

उत्तर : केकचा नळा आणि भाचा, दोघांचं नाव एकाच वाक्यात आलं की मामीने ओळखायचं! त्या नळकांड्यांत नायट्रस ऑक्साइड असतो, दाताचे डॉक्टर देतात तो हसवणारा वायू. ब्रिटनमध्ये 8 नोव्हेंबर 2023 पासून तो 'क्लास सी'मध्ये गेला. नशेसाठी जवळ बाळगला तर 2 वर्षांपर्यंत, दुसऱ्याला पुरवला किंवा विकला तर 14 वर्षांपर्यंत. क्रीम फेटायला, दवाखान्यात, कारखान्यात वापरायला आजही चालतो, वापर कशासाठी ह्याच्यावर सगळं ठरतं. आणि तिकडे लायटरमध्ये भरायचा गॅसही 18 च्या आतल्याला विकता येत नाही, 1999 पासून. वस्तू घरगुती असली तरी विकणाऱ्याला धरायचं हे त्यांनी फार आधी केलं, आपल्याकडे डिचोलीच्या काकांना काय उत्तर द्यावं लागलं ते वर वाचलंतच.

इथे हा वायू एनडीपीएसच्या यादीत नाही. भाच्याला मात्र दोन गोष्टी सांगा. एक, तो परत जाताना पकडला गेला तर खटला इथला नाही, तिथला, आणि परदेशी पासपोर्टवाल्याला शिक्षा झाली की राहण्याच्या परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. दुसरं, हा वायू शरीरातलं बी 12 निकामी करतो, रोज रोज घेणाऱ्या तरुण पोरांच्या पायांना मुंग्या येऊन चालता येईनासं होतं. भरलेला गॅसचा नळा विमानात नेतातच कसा, हे मी विचारत नाही, बहुधा इथेच कुणाकडून घेतला असेल.

प्रश्न : वय 72. झोपेची अल्प्राझोलामची गोळी डॉक्टरांनी दिली आहे, तीन महिन्यांचा साठा एकदम आणतो. आता मुलीकडे दुबईला जायचंय, ती म्हणते बाबा येताना तो आपला खोकल्याचा सिरप आणि दुखण्याच्या गोळ्या पण आणा. काही अडचण? (वास्को)

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून मीच उठून बसले. आधी घरातलं. अल्प्राझोलाम मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे, पण एनडीपीएसच्या 66 व्या नियमात स्वतःच्या औषधासाठी एका वेळी 100 गोळ्यांपर्यंत जवळ ठेवता येतात, आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल तर 300 पर्यंत. रोज एक म्हणजे तुमच्या 90, बसल्या नियमात. चिठ्ठी मात्र पाकिटात ठेवा. शेजारच्या काकूंना 'झोप येत नाही का, घ्या दोन' म्हणून द्यायचं नाही, हे लोक फार प्रेमाने करतात, आणि कायद्याच्या भाषेत ते पुरवठा करणं होतं.

दुबईचं वेगळं आहे. कोडिन, ट्रामाडॉल आणि झोपेच्या अशा गोळ्या तिकडे नियंत्रित औषधं आहेत, नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढायची असते, तुमच्या स्वतःच्या औषधाचीसुद्धा. आपल्याकडेही ट्रामाडॉल एप्रिल 2018 पासून एनडीपीएसमध्ये आलंय, पूर्वी पाठ धरली की सहज मिळायची ती गोळी. तेव्हा मुलीचा सिरप आणि गोळ्या, दुसऱ्याच्या नावाचं औषध, तुमच्या बॅगेत : नको. दाबोळीवरून जा नाहीतर मोपावरून, इथे कुणी अडवणार नाही, तिथे उतरल्यावर अडवतील आणि तिथे 'मुलीने सांगितलं होतं' ह्याला किंमत नाही. चण्याचे लाडू न्या, कोकमं न्या.

प्रश्न : सर्दीचं औषध घेऊन स्कूटरवर निघालो, पर्वरीला पोलिसांनी थांबवलं, फुंकर मारायला लावली, काही आलं नाही, सोडलं. पण मला खरंच गरगरत होतं. म्हणजे औषधाची गुंगी कायद्यात बसत नाही का? (थिवी)

उत्तर : बसते. मोटार वाहन कायद्याचं 185 कलम नुसतं दारूचं नाही. दारूला मोजमाप आहे, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, ते फुंकरीच्या यंत्रात येतं. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की अंमली औषधाच्या असराखाली गाडीवर ताबा ठेवता येत नसेल तरीही गुन्हा, पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी 2 वर्षांपर्यंत किंवा 15 हजार. सर्दीच्या साध्या गोळीला ते लावणं अवघड, तिथे 186 लावतील, गाडी चालवायला शरीर-मन ठीक नसताना चालवणं, हजार रुपयांपर्यंत दंड. पण दोन गोळ्यांच्या ऐवजी आठ घेऊन मुद्दाम तरंगत निघालेल्याची गोष्ट वेगळी, तिथे अपघात झाला आणि रक्त तपासलं तर 'औषधच होतं' हा बचाव टिकत नाही. स्वतःहून केलेली नशा न्याय संहितेच्या 24 कलमात तशीही माफी मिळवून देत नाही. तुम्ही प्रामाणिकपणे गरगरत होतं म्हणून लिहिलंत, पुढच्या वेळी कदंब बस पकडा.

प्रश्न : मी 21 वर्षांचा आहे. कॉलेजात असताना परीक्षेच्या टेन्शनला म्हणून मित्राने गोळी दिली, आता दिवसाला सहा-सात होतात. घरी माहीत नाही. उपचाराला गेलो तर डॉक्टर पोलिसांना कळवतात का? नोंद कायमची राहते का? (नाव-गाव नको)

उत्तर : तुला अरे-तुरे करते, माझा मुलगा तुझ्याएवढाच आहे. तू पत्र लिहिलंस हेच बरं केलंस.

चिठ्ठीशिवाय टेन्शनच्या-झोपेच्या ह्या गोळ्या (वास्कोच्या काकांच्या अल्प्राझोलामसारख्या) घेणं एनडीपीएसच्या 27 कलमात येतं. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर 1 वर्षापर्यंत किंवा 20 हजार, आणि त्या गटात नसलेल्या पदार्थांना 6 महिन्यांपर्यंत किंवा 10 हजार. शिक्षा लहान वाटते, पण मुंबई हायकोर्टाने, जे आपल्यालाही लागू, 2020 मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात म्हटलं की ह्या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र. म्हणजे पोलीस स्टेशनवरून सही करून घरी, असं नाही. हे एवढ्याचसाठी सांगते की मित्रासाठी म्हणून खिशात दोन पाकिटं घेऊन फिरू नकोस, स्वतःचं घेणं आणि दुसऱ्याला देणं ह्यांत शिक्षेचा फार फरक पडतो.

उपचाराचं मात्र उलट आहे. त्याच कायद्यात 64ए आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर 27 कलमाखाली किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडून आलास तर हे संरक्षण काढून घेता येतं, तेवढं लक्षात ठेव. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-औषधांच्या व्यसनाचे त्रासही धरलेत, त्यामुळे तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. केसपेपर हॉस्पिटलात राहतो, तो पोलिसांकडे जात नाही, नोकरीच्या फॉर्मवर तर नाहीच नाही.

बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, तिथे ओपीडीला जा. आधी नुसतं बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416 वर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा आहे, नाव सांगावं लागत नाही. पण हे वाचून आज रात्रीपासून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नकोस, ह्या जातीच्या गोळ्या तोडल्या की फिट्स येऊ शकतात. संडासात ओतून टाकू नकोस. जे पाकीट चालू आहे ते तसंच खिशात घालून डॉक्टरकडे ने, पाठीमागे किती मिलिग्रॅम ते छापलेलं असतं, ते वाचून आठवड्याला किती कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील.